रग्बी, रब्बी आणि फिजी

(नाशिकमध्ये एका वाचनमंडळाच्या महिन्याच्या कार्यक्रमात झालेलं बोलणं, थोडी काटछाट करून)

आधी एक खुलासा. बाहेर गेटवर जो फ्लेक्स लागलाय त्यावर 'रब्बी सेव्हन्स' छापलंय. फ्लेक्सवाल्याने स्वतःच्या अकलेने दुरुस्ती केली, नाशिक जिल्ह्यात रग्बीवर कोण बोलणार, त्याला वाटलं कांद्याच्या बियाण्याचं नाव असेल. आणि तिसऱ्या रांगेत एक काका बसलेत ते दिंडोरीहून खरंच ते वाचून आलेत, मगाशी मला विचारत होते की सेव्हन्सला पाण्याच्या पाळ्या किती द्यायच्या. काका, उठू नका. पाण्याचं नाही पण गुंठ्यांचं गणित येणारे, तुमच्या कामाचं.

विषय फिजीचा, म्हणजे पॅसिफिकमधल्या त्या छोट्या बेटांच्या देशाचा, पुरुषांचा सेव्हन्स संघ, सेव्हन्स म्हणजे सात-सात जणांचं रग्बी. आयोजकांना मी कबूल केलंय की १९९७ पासूनची सगळी कामगिरी क्रमाने सांगणार, आणि त्यांनी कबूल केलंय की पाऊण तास देणार. बघू कोण शब्द पाळतं.

पंधरा जणांचं रग्बी तुम्ही चॅनल बदलताना कधीतरी पाहिलं असेल, चिखल आणि त्यात माणसांचा ढीग. सेव्हन्समध्ये मैदान तेच, साधारण १०० मीटर लांब, ७० मीटर रुंद, पण एका बाजूला माणसं फक्त सात. ७ मिनिटांचे दोन हाफ, मध्ये २ मिनिटं दम खायला. आता हिशोब करा, ७००० चौरस मीटर भागिले १४ माणसं, आले ५००. म्हणजे पाच गुंठे. काका, एकट्याने पाच गुंठे राखायचेत आणि समोरून जो घुसतोय तो बैल नाही, नव्वद-शंभर किलोचा माणूस आहे, आणि तो बैलासारखा सरळही पळत नाही. गंगापूर रोडला कोणाकडे पाच गुंठे असते तर तो खेळलाच नसता म्हणा, बिल्डरकडे जाऊन बसला असता. (हशा) पैशावरून आठवलं, हा प्रकार निघालाच मुळी तंगीतून, १८८३ मध्ये स्कॉटलंडच्या मेलरोज गावात क्लबला पैसे उभे करायचे होते, तेव्हा नेड हेग नावाच्या खाटकाने डोकं लढवलं की माणसं कमी करा, मॅच छोट्या करा, एका दिवसात अख्खी टूर्नामेंट उरकते.

आता सात म्हटलं की आपल्याला काय आठवतं? बरोबर, कबड्डी. मी पंचवटीत मातीवर खेळलोय, माझा डावा गुडघा अजून डिसेंबरात त्याची आठवण काढतो. कबड्डीत चढाई करणाऱ्याला धरलं की विषय संपला, दम तुटला, बाहेर बस. फिजीची पोरं नेमकी इथून सुरू होतात. ही माझी लाडकी थिअरी आहे, घरचे ऐकून ऐकून कंटाळलेत म्हणून तुमच्याकडे आलोय. दोघांनी मला धरलं तर त्यांचे दोन गडी कामाला लागले ना? माझे सहा मोकळे, त्यांचे पाच. मग मी पडता पडता, अंग अर्धं आडवं झालेलं असताना एका हाताने चेंडू मागून येणाऱ्या भिडूकडे सरकवायचा. पुढे फेकता येत नाही, आडवा नाहीतर मागेच द्यायचा, पण तेवढं पुरतं. याला ऑफलोड म्हणतात. बाकीचे बरेच संघ शिकवतात की धरलं तर नीट खाली बस, चेंडू सांभाळ, रिस्क नको. फिजीवाला मुद्दाम दोघांच्या अंगावर जातो, धर मला म्हणतो, आणि मागे त्याचा माणूस असतोच, न बघता असतो. आपल्याकडे एकत्र कुटुंबात ताट वाढायच्या वेळी वाटी जशी हातोहात फिरते ना, कोणी वर बघत नाही, तसं. पण हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून कळत नाही, मला स्वतःला प्रत्यक्ष बघायचं होतं, आणि तिथेच माझी फजिती झाली.

२०१०. दिल्लीत कॉमनवेल्थ गेम्स, त्यात रग्बी सेव्हन्स. मी म्हटलं आता फिजी आपल्या अंगणात येणार, सुवाला, त्यांच्या राजधानीला, जायची आपली ऐपत नाही, दिल्लीला जाऊ. ऑफिसात चार दिवसांची रजा टाकली, कारण लिहिलं 'कौटुंबिक'. बायकोकडे आकाशी रंगाचा ब्लाऊजपीस पडून होता, कोणाच्या तरी ओटीत आलेला, तिला फिजीचा झेंडा शिवायला बसवलं. त्या झेंड्यात कोपऱ्यात इंग्रजांचा युनियन जॅक आहे, तो शिवताना ती म्हणाली, स्वातंत्र्यसैनिकाची नात आहे मी, हे काय करायला लावताय! उरलेली ढाल मी स्केचपेनने काढली, त्यात ऊस, नारळ, केळी आणि एक कबूतर असतं, माझ्या कबूतराचं बदक झालं. नाशिकरोडला मंगला एक्सप्रेस पकडली, समोर एक सरदारजी, त्यांनी विचारलं कुठे, मी म्हटलं फिजी बघायला. त्यांना ऐकू आलं फौजी. मग भुसावळपर्यंत त्यांनी मला त्यांच्या मुलाची पोस्टिंग सांगितली आणि पराठे खाऊ घातले, मी पण काही बोललो नाही, पराठे चांगले होते.

दिल्ली युनिव्हर्सिटीच्या स्टेडियमवर पोचलो, झेंडा पसरून बसलो. सकाळचे सामने चाललेत, मी कार्यक्रमपत्रिका वरून खाली, खालून वर वाचतोय, फिजी काही सापडेना. शेवटी शेजारी एक गोरा म्हातारा बसला होता, त्याने झेंड्याकडे बघितलं, बदकाकडे जरा जास्त वेळ बघितलं, आणि अगदी मयताला आल्यासारख्या आवाजात म्हणाला, ते सस्पेंड आहेत. २००६ ला फिजीत लष्कराने सत्ता घेतली होती, निवडणुका घेईनात म्हणून २००९ मध्ये कॉमनवेल्थनेच त्यांना बाहेर ठेवलं होतं. पेपरात तीन ओळी आल्या असतील, मी त्या दिवशी कांद्याचे भाव वाचत असणार. काका, हसू नका. मग काय, आपल्या पोरांसाठी घसा बसेपर्यंत ओरडलो आणि न्यूझीलंडने गोल्ड नेलं ते बघून परत आलो. नाशिकरोडला बायको न्यायला आलेली, पहिला प्रश्न, जिंकले का? मी म्हटलं, हरले नाहीत.

बरं, चिठ्ठी आलीये, दहा मिनिटं. चिठ्ठीतही 'रब्बी'च लिहिलंय.

तर कामगिरी. सेव्हन्सचा वर्ल्ड कप फिजीने तीनदा घेतला, १९९७ आणि २००५ हाँगकाँगला, २०२२ केपटाऊनला. पहिल्या दोन्हीत वाइसाले सेरेवी हा खेळाडू होता, दुसऱ्या वेळी तो ३६ वर्षांचा होता, या वयात आपण पांडवलेणी चढताना तीनदा बसतो. वर्ल्ड सिरीज, म्हणजे वर्षभर देशोदेशी चालणाऱ्या टूर्नामेंटची मालिका, चार वेळा, २००५-०६, २०१४-१५, २०१५-१६, २०१८-१९. कॉमनवेल्थमध्ये मात्र चार सिल्व्हर, एक ब्राँझ, गोल्ड एकही नाही, आणि यात माझ्या झेंड्याचा दोष धरू नका, दिल्लीत ते नव्हतेच.

आता खरी गोष्ट. देश नऊ लाखांचा, आपल्या नाशिक शहराहून कमी. १९५६ पासून ऑलिम्पिकला जायचे, मेडल एकही नाही. आणि लोक म्हणतात त्यांच्या रक्तातच आहे हो. या वाक्याची मला चीड आहे! रक्तात होतं तर साठ वर्षं रक्त काय करत होतं? एक तर सेव्हन्सच ऑलिम्पिकमध्ये आलं २०१६ ला. आणि दुसरं म्हणजे, हे अर्धा तास सांगायचं होतं, हातचलाखी त्यांच्याकडे गल्लीतून येते, त्यांचा खेळाडू जेरी तुवाई नासिनूच्या वस्तीत प्लॅस्टिकची बाटली चेंडू म्हणून घेऊन खेळला, पण १४ मिनिटं पुरणारा दम हा वेगळा कारखाना आहे. २०१३ ला बेन रायन नावाचा इंग्रज कोच आला, त्याला सुरुवातीचे महिने पगार मिळाला नाही, त्याने ऑफलोडला हात लावला नाही, खाणं आणि पळणं बदललं. रिओ ऑलिम्पिकमध्ये २०१६ ला फायनल ग्रेट ब्रिटनशी, फिजीने ४३-७ ने हरवलं, हाफटाइमलाच २९-०. ज्यांनी १८७४ ते १९७० राज्य केलं त्यांनाच, आणि कोच त्यांच्याच गावचा. आपल्याकडे पहाट होती, मी झेंडा घेऊन सोसायटीत खाली उतरलो, वॉचमनला वाटलं आग लागली. फिजीच्या रिझर्व्ह बँकेने ७ डॉलरची नोट काढली, चक्क सातची, त्यावर कॅप्टन ओसिया कोलिनिसाऊ आणि रायन. त्याच रिओत आपल्या जिल्ह्यातले दोघं होते, तळेगाव रोहीचा नौकानयनातला दत्तू भोकनळ आणि सावरपाड्याची धावपटू कविता राऊत, तेही कोणत्या सोयींमधून गेले हे इथे सांगायची गरज नाही.

टोकियो ऑलिम्पिक, २०२१, कोरोना. पोरं कित्येक महिने घरापासून लांब, जाताना गोठवलेले मासे नेणाऱ्या मालवाहू विमानातून गेली. फायनलला न्यूझीलंड, २७-१२ ने परत फिजीच. रिओतला एकच खेळाडू या संघात होता, तुवाई, तोच कॅप्टन. पॅरिस २०२४, कोच झाला कोण तर रिओचा कॅप्टन कोलिनिसाऊ. फायनलपर्यंत ऑलिम्पिकमध्ये सलग १७ सामने, हार नाही. हाफटाइमला ७-७, मग समोरच्या फ्रान्सने त्यांचा स्टार खेळाडू आंत्वान द्युपाँला आत सोडला आणि २८-७ ने फिजी हरलं. तो माणूस काय करत होता माहितीये, धरला जायच्या आधी...

हो हो, थांबतो. भारतातून १८७९ पासून जहाजाने गेलेल्या साठ हजार गिरमिटियांचं, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांचं, राहिलं, त्यांची नातवंडं जास्त करून फुटबॉल का खेळतात तेही राहिलं, ते पुढच्या महिन्यात बोलावलंत तर. झेंडा टेबलावर ठेवलाय, बघा, फक्त भजी खाल्लेल्या हाताने नको. आणि ते बदक नाहीये, कबूतर आहे.