पंचेचाळिशीतला शिकाऊ

(नागपुरातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो,

'पुन्हा निवडता आलं, तर कोणतं काम कराल?' हा विषय संयोजकांनी दिला आणि मी लगेच होकार कळवला. माझी नोकरीची सगळी वर्षं व्यवसाय मार्गदर्शनात गेली. दहावी-बारावी झालेल्या मुलांना घेऊन आई-वडील यायचे. मूल आत कलचाचणीला बसलं की बाहेर थांबलेल्या वडिलांना मी हाच प्रश्न विचारायचो. मुलांना याचं उत्तर सुचायला वेळ लागतो. वडिलांना लागत नसे. कित्येकांचं उत्तर वर्षानुवर्षं मनात तयार होतं, फक्त कुणी विचारलेलं नव्हतं. एकदा तर एक गृहस्थ माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत म्हणाले, "मले संत्र्याची बाग लावाची हाये साहेब." खाण खात्याच्या कार्यालयात मोठ्या हुद्द्यावर होते. इतका वेळ शुद्ध पुस्तकी बोलत होते, बाग म्हणताना थेट आपल्या बोलीवर आले.

आपल्याकडची उत्तरं साधारण ठरलेली असतात. काटोल-नरखेडकडे संत्र्याची बाग. पेंचच्या व्याघ्र प्रकल्पात गाईड. नाटकात काम. रेल्वेचं इंजिन चालवायचं. स्वतःचं लहानसं हॉटेल, सकाळी तर्री-पोहे. आणि शाळेत शिकवायचं, हे तर फार जण सांगतात. हे कुणी सहसा सांगत नाही की मला आणखी मोठ्या कार्यालयात आणखी मोठ्या खुर्चीवर बसायचंय.

याला आपल्या शहराचा इतिहासही थोडा कारणीभूत आहे. 1956 पर्यंत नागपूर मध्य प्रांताची, नंतरच्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. राजधानी गेली, पण कार्यालयं राहिली आणि नवी येत गेली. भारतीय खाण ब्युरो, वेस्टर्न कोलफील्ड्स, मँगनीजच्या खाणींची मॉइल, महालेखाकार, रिझर्व्ह बँक, पर्यावरण संशोधनाची नीरी. इथल्या मध्यमवर्गानं पिढ्यान्‌पिढ्या टेबलावरचं काम केलं, चांगलं केलं, त्यावर घरं बांधली, मुलं शिकवली. त्या कामाला मी अजिबात कमी लेखत नाही. पण फायलीवर केलेल्या कामाचं पुढे काय झालं, हे करणाऱ्याला बहुधा दिसत नाही. वरची सगळी उत्तरं पाहा. त्या प्रत्येक कामात केलेलं डोळ्यांसमोर दिसतं. झाड फळतं, पोरगं वाचायला लागतं, समोरचा माणूस प्लेट चाटून पुसून रिकामी करतो. माणसं हे मागत असतात.

मग अडतं कुठे? सगळे म्हणतात पैशावर. हप्ते आहेत, मुलीचं शिक्षण आहे, आई-वडिलांची औषधं आहेत. हे खरंच आहे, आणि ज्याच्या डोक्यावर हप्ता आहे त्याला 'उडी मार' म्हणून सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. पण ज्यांच्यापाशी पैसा होता, निवृत्तिवेतन होतं, मुलं मार्गी लागली होती, तेही फारसे हलले नाहीत. त्यांचं अडलं ते दुसऱ्या ठिकाणी. नवं काम म्हणजे पुन्हा शिकाऊ होणं, आणि आपल्या समाजात पंचेचाळिशीच्या माणसाला शिकाऊ व्हायला जागाच नाही. मला आज मुख्यतः यावरच बोलायचं आहे.

संत्र्याची बाग घेऊ. पहिली अडचण अशी की शेतकरी नसलेल्याला आपल्या राज्यात शेतजमीन सहजासहजी विकत घेता येत नाही. विदर्भासाठी 1958 चा वेगळा कुळवहिवाट कायदा आहे, त्यातही ही अट आहे. समजा वडिलोपार्जित जमीन आहे, सातबाऱ्यावर नाव आहे. पन्हेरीतून, म्हणजे रोपवाटिकेतून, कलमा आणल्या, लावल्या. पुढची पाच-सहा वर्षं झाडं फळांचा पैसा देत नाहीत. या काळात जमीन चिबडते का, पाणी कुठे साचतं, ज्यावर कलम बांधलं तो खुंट जंबेरी लिंबाचा आहे की रंगपूर लाइमचा आणि आपल्या मातीत कोणता टिकेल, हे कळत जातं. झाडं फळावर आली की बहार धरायचा, म्हणजे झाडाला ठरावीक हंगामात फुलवायचं. आंबिया बहार धरायचा तर डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत दीड-दोन महिनेही लागतात. किती पान कोमेजलं म्हणजे पुरे, हे कॅलेंडर सांगत नाही. ताण कमी पडला तर झाड फुलाऐवजी पालवी काढतं, जास्त झाला तर झाडच खचतं.

आणि डिंक्या! बुंध्याला भेग पडून डिंक ओघळायला लागतो, आतली साल कुजते. पावसाळ्याआधी बुंध्याला बोर्डो मलम लावायचं असतं. 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या भांड्यांत भिजवायचं, भांडं लोखंडाचं चालत नाही, मग एकत्र करायचं. मिश्रण जमलं की नाही ते पाहायला त्यात विळा बुडवतात. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, आणखी घालायचा. जमिनीपासून साधारण मीटरभर उंचीपर्यंत एकेका झाडाला हातानं फासायचं. सहा बाय सहा मीटरवर लागवड असेल तर हेक्टरी पावणेतीनशेच्या वर झाडं होतात. मे महिन्यात, आपल्या उन्हात, प्रत्येक झाडापुढे वाकायचं.

ते खाण खात्यातले गृहस्थ मला आठवतात ते यामुळेच. मी त्यांना सांगितलं, बाग घ्यायच्या आधी एक वर्ष कुणाच्या तरी बागेत राबा. सुट्टीच्या दिवशी जा. ते गेले. वरूडकडच्या एका बागेत विशी-बाविशीचा पोरगा कलमांना डोळे, म्हणजे चांगल्या झाडाचे कोंब, बांधत होता. खुंटाच्या सालीला उलट्या टी-सारखा छेद, त्यात डोळा सरकवायचा, वर पट्टी आवळायची. त्याचा हात इतका चालत होता की बघणाऱ्याला छेद दिसायचाच नाही. साहेबांनी केलेले डोळे वाळून गेले. पोरगा म्हणाला, "काकाजी, तुमी डोया लय जोरानं दाबता. उद्या या, पुन्हा दावतो." ते दुसऱ्या दिवशी रजा टाकून गेले. त्यांच्या हाताखाली माणसं होती, पोरगं त्यांच्या मुलाहून लहान होतं, तरी त्याच्यासमोर उकिडवं बसून ते शिकले. आज त्यांची बाग आहे. माझ्या मते ती बाग त्या दुसऱ्या दिवशी लागली. कलमा आणल्या त्या पुष्कळ नंतर.

अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आपल्याच गावात आहे. बागेची स्वप्नं पाहणाऱ्यांनी आधी तिथल्या लोकांशी बोलावं. अनेकांना हे घराजवळ आहे हेच माहीत नसतं.

पेंचच्या गाईडचं काम लोकांना फार रम्य वाटतं. पहाटेचं जंगल, वाघ, मोकळी हवा. चितळाचा कॉल, म्हणजे धोक्याचा आवाज, आणि वानराचा कॉल एका दिशेनं आला तर जिप्सी कुठे थांबवायची, हे सिल्लारी-खुर्सापारकडचा पोरगा जाणतो, कारण तो त्याच रानाच्या कडेला वाढला. आणि 1 जुलै ते 30 सप्टेंबर गाभा क्षेत्र बंद असतं, तेव्हा त्याची मुख्य कमाई थांबते. ही कामं वनविभागानं जंगलालगतच्या गावांसाठी ठेवली आहेत आणि ती त्यांच्याकडेच राहिली पाहिजेत. शहरातल्या माणसानं तिथे गाईड व्हायची इच्छा सोडून द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. जंगलाची ओढ असेल तर पक्ष्यांच्या नोंदी करा, व्याघ्रगणनेच्या वेळी स्वयंसेवक घेतात का ते विचारा. प्रत्येक आवडतं काम पोटापाण्याचं झालंच पाहिजे असं नाही.

नाटकाचं सांगतो. नाटक म्हटलं की आपल्याला मुंबई-पुणे दिसतं. आणि इथून चार तासांच्या आत झाडीपट्टी आहे, पूर्व विदर्भातला धानाचा, जंगलाचा पट्टा! वडसा हे तिचं मुख्य ठाणं. दिवाळीनंतर, धान घरात आलं की मंडई म्हणजे गावजत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, यांच्या निमित्तानं गावोगावी रात्रभर नाटकं लागतात. लोक तिकीट काढून, घोंगड्या घेऊन येतात. रात्री उशिरा पडदा उघडतो, उजाडेपर्यंत प्रयोग चालतो. आज या गावात एक नाटक, उद्या दुसऱ्या गावात दुसरं. परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी, ते गडचिरोलीकडचे शेतकरी नट आहेत. नागपुरातले कितीतरी नट हंगामात तिकडे जातात. ज्याला खरंच अभिनय करायचा आहे त्यानं एक हंगाम तिथे काढावा. थंडीत, उघड्या मंडपात, मागच्या ओळीपर्यंत आवाज पोचवत पहाटे तीनचा प्रवेश करायचा आणि सकाळी गाडीत झोपून पुढच्या गावाला जायचं. एवढ्यानंतरही पुढच्या दिवाळीची वाट पाहिलीत, तर तुमचं ठरलं.

मोठ्या माणसांची उदाहरणं देताना आपण एक गोष्ट गाळतो. बाबा आमटे हिंगणघाटचे. वकिली शिकले, वरोऱ्याला वकिली केली. 1949 साली त्यांनी महारोगी सेवा समिती स्थापली तेव्हा त्यांचं वय पस्तिशीच्या आसपास होतं. त्यांच्या करुणेबद्दल आपण पुष्कळ बोलतो. पण कुष्ठरोगाचं शास्त्र शिकायला ते कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये गेले होते, याबद्दल क्वचित बोलतो. डॉक्टर नसलेला एक वकील डॉक्टरांच्या बाकावर जाऊन बसला. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते. 1969 साली, चाळिशी ओलांडल्यावर, ते पूर्णवेळ नट झाले. सगळ्यांना तो धाडसी निर्णय आठवतो. त्याआधी त्यांनी पुण्यात कित्येक वर्षं हौशी रंगभूमीवर तालमी केल्या होत्या. नोकरी-धंदा सोडायच्या आधीच त्यांची उमेदवारी, म्हणजे शिकाऊपणाची वर्षं, झालेली होती.

उमेदवारी म्हटली की वयाची अट आडवी येते. इंजिन चालवायचं स्वप्न असेल, तर सहायक लोको पायलटच्या भरतीला वयाची मर्यादा आहे आणि चष्म्याशिवाय स्वच्छ नजर लागते. चाळिशीत ते दार बंद झालेलं असतं, ते मान्य करावं. राज्यसेवेला खुल्या प्रवर्गाची मर्यादा 38 वर्षं. पण आयटीआयला किमान वय 14 आहे, कमाल अट नाही. वायरमन, वेल्डर, सुतारकाम, काहीही शिका. तीन वर्षांच्या एलएलबीला कोणत्याही वयात बसता येतं. 'नीट'ची वयाची वरची अट 2022 साली काढली. नाशिकचं मुक्त विद्यापीठ 1989 पासून आहे. तेव्हा कागदावर बरीच दारं उघडी आहेत. अडचण दाराबाहेर उभी असते. आयटीआयच्या वर्गात चाळिशीचा माणूस बसला की वर्गातली पोरं त्याला पालक समजतात, आणि घरी साळा म्हणतो, "भाऊजी, या वयात पाना-पकड?" माझी आपल्याला हात जोडून विनंती आहे, असं कुणाला म्हणू नका. त्या एका वाक्यानं परत गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

आणखी दोन प्रकारच्या लोकांबद्दल बोलल्याशिवाय मला हे थांबवता येणार नाही.

एक, ज्यांना बदल निवडता आलाच नाही. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल 1877 साली इथे सुरू झाली. पिढ्यान्‌पिढ्या माणसं साच्यावर, म्हणजे गिरणीच्या यंत्रावर, उभी राहिली. या शतकाच्या सुरुवातीला ती कायमची बंद झाली. तिशी-चाळिशीतले कुशल विणकर, फिटर रिक्षावर, भाजीच्या गाड्यावर, चौकीदारीवर गेले. सुताचा नंबर, म्हणजे त्याची जाडी, हाताच्या चिमटीत ओळखणारा माणूस सोसायटीच्या गेटवर वही घेऊन बसला. त्यांना कुणी विचारलं नाही की तुम्हाला काय व्हायला आवडेल. कौशल्य असलेल्या प्रौढ माणसाला दुसरं कौशल्य शिकवायची, आणि शिकेपर्यंत त्याचं घर चालवायची व्यवस्था त्या वेळी हवी होती. ती पुरेशी आजही नाही. मला याचा राग आहे आणि तो जात नाही.

दोन, बायका. मुलाच्या वडिलांना प्रश्न विचारल्यावर मी आईकडे वळायचो, तर ती आधी नवऱ्याकडे बघायची. मग म्हणायची, "मी तर घरीच असते." पुन्हा विचारलं की उत्तर निघायचं. लॅब टेक्निशियनचा कोर्स अर्धा राहिला. बी.एड. झालं, नोकरी लागली, मूल झालं, सोडली. एका ताईंना तबला शिकवायचा होता, विशारद झालेल्या होत्या, आणि नवऱ्याला ते माझ्या टेबलासमोर पहिल्यांदा कळत होतं. या बायकांना नवं स्वप्न शोधायचं नसतं, सुटलेलं काम हातात परत हवं असतं. त्यांची उमेदवारी अर्धीअधिक झालेली असते. त्यांना हवे असतात दिवसातले सलग चार तास. ते घरातल्यांनीच द्यायचे आहेत, सरकारनं नव्हे.

आता प्रश्नांसाठी वेळ आहे. सभागृह आपल्याकडे साडेआठपर्यंत आहे. ज्यांना चारचौघांत विचारायचं नसेल त्यांनी नंतर थांबावं, मी थांबणार आहे. आयटीआयचे ट्रेड आणि मुक्त विद्यापीठाचे अभ्यासक्रम यांच्या याद्या दाराजवळच्या टेबलावर ठेवल्या आहेत. घरी नेल्या तरी चालतील.