शिरोरेघ शेवटी

आजचा विषय ‘सुलेखनासाठी काही सूचना’ असा जाहीर झालाय. शाई, निब, कागद यांवर मी येतोच, पण त्याआधी एक गोष्ट बोलायची आहे. शिरोरेघ सगळ्यात शेवटी द्या. आधी शब्द बोडका लिहा आणि तो बोडकाच चांगला दिसतोय का, ते बघा.

तुम्ही म्हणाल, वहीत आम्ही तसंच तर लिहितो. लिहिता ना? मग हातात रुंद, सपाट टोकाची कट निब आली की आधी लांबलचक रेघ ओढून तिला अक्षरं का टांगता? मोडी लिपीत आधी ओळभर रेघ ओढत, कारण तिथं हात न उचलता भराभर लिहायचं असे. आपण इथं घाईनं हिशेब उतरवत नाही आहोत.

‘दरवाजा’ लिहून बघा. द आणि र यांना उजवीकडं दंड, म्हणजे उभी रेघ, नाही, त्यांच्या पायाशी मोकळी जागा पडते. पुढं वा आणि जा, म्हणजे दंडाला लागून काना, असं दोनदा. सगळी अंतरं पट्टीनं सारखी मोजलीत तर शब्द डावीकडं विरळ आणि उजवीकडं चार खांबांची गर्दी. म्हणून द-र जवळ घ्या, काना दंडापासून किंचित सुटा ठेवा. मोजायची ती मधली पांढरी जागा, तीही डोळ्यानं. कागद उलटा फिरवा. शब्द वाचता येईनासा झाला की फटी लगेच दिसतात. वर रेघ असली की ती सगळ्यांना बांधून ठेवते आणि चूक झाकली जाते. गुजराती लिपीला शिरोरेघच नाही, तिला हे सगळं उघड्यावर सांभाळावं लागतं. गुजराती अक्षरं जरूर न्याहाळा.

आता माझं गाऱ्हाणं. एका संस्थेनं प्रमाणपत्रांवर नावं घालायला मला बोलावलं. कागद गुळगुळीत, चकचकीत. शाई त्यावर बसेना, थेंब होऊन गोळा व्हायची. तेही चालवून घेतलं. नावासाठी छापलेली ठिपक्यांची ओळ चांगली वीतभर, आणि एक नाव आलं ‘उमा’. मी ते मधोमध लिहिलं. आयोजक म्हणाले, “जागा रिकामी दिसते, वरची रेघ दोन्हीकडं ओढा ना!” दोन अक्षरं आणि वर वीतभर रेघ! त्या मुलीनं बक्षीस मिळवलं होतं हो. तिचं नाव म्हणजे जागा भरायचं सामान नव्हे. मी रेघ ओढली नाही. ते नाराज झाले, पुन्हा बोलावणं आलं नाही. पण रेघ अक्षरांसाठी असते, हे मी त्यांना तेव्हाही सांगितलं आणि आज तुम्हालाही सांगतोय.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा बाकीचं भराभर. नव्या धातूच्या निबेवर तेलाचा थर असतो. तो पुसल्याशिवाय शाई धरत नाही. लाखयुक्त जलरोधक शाई फाउंटन पेनात कधीही भरू नका, आत सुकून पेन बंद पडतं. ती शाईत बुडवून लिहायच्या टाकासाठी. देवनागरी लिहायच्या बोरूच्या लेखणीच्या टोकाचा काप रोमनच्या उलट बाजूला झुकलेला असतो, म्हणून तर ‘ब’च्या पोटातली तिरकी रेघ बारीक येते. विकत आणलेली निब रोमनसाठी असेल तर ‘ब’ लिहून आधी खात्री करा. अक्षराची उंची निबेच्या रुंदीच्या पटीत धरा. सुरुवातीला पाचपट ठीक. वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार येणार, तेवढी जागा दोन ओळींत सोडा. निब परवडत नसेल तर दोन पेन्सिली एकत्र बांधून कित्ता गिरवा, जाड रेघेच्या दोन्ही कडा दिसतात. हाताखाली कोरा कागद ठेवा, नाहीतर तळव्याचं तेल लागून शाई फाटते. आणि आखलेल्या ओळी त्याच दिवशी खोडू नका. जाड रेघेत शाई साचलेली असते, ती वरून वाळली तरी आत ओली राहते. दुसऱ्या दिवशी मऊ रबरानं खोडा.