जामीन मंजूर, पण पैसे कुठून आणायचे?

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेत कृष्णवर्णीयांची लोकसंख्या सुमारे 13 टक्के, पण स्थानिक तुरुंगांतल्या कैद्यांत त्यांचं प्रमाण एक तृतीयांशाच्या घरात. यातले बहुतेक कच्चे कैदी, म्हणजे गुन्हा अजून शाबीत व्हायचाय.

2010 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये सोळा वर्षांच्या कलीफ ब्राउडरला पाठीवरची सॅक चोरल्याच्या आरोपावरून अटक झाली. जामीन 3,000 डॉलर. घरच्यांना तो भरता आला नाही. पुढे आरोप निश्चित झाले आणि तो आधीपासून प्रोबेशनवर, म्हणजे आधीच्या प्रकरणात तुरुंगाऐवजी देखरेखीखाली, असल्यानं जामीनच बंद झाला. रायकर्स बेटावरच्या तुरुंगात तीन वर्षं काढल्यावर खटला रद्द. म्हणून पहिल्या काही दिवसांतच रक्कम उभी राहणं महत्त्वाचं.

जामीन-दलाल, म्हणजे फी घेऊन आरोपीच्या जामिनाची हमी देणारा, रकमेच्या साधारण दहा टक्के घेतो. 3,000 वर 300 डॉलर. निर्दोष सुटलात तरी ते गेले. वस्त्यांमधले जामीन निधी पूर्ण रक्कम थेट कोर्टात भरतात. आरोपी तारखांना हजर राहिला की ती परत येते आणि पुढच्या माणसाच्या कामी येते. खटला वर्षभर रेंगाळला तर मात्र पैसे तेवढा काळ अडकून पडतात. शिवाय न्यूयॉर्कच्या 2012 च्या कायद्यानं अशा निधींना फक्त किरकोळ गुन्ह्यांत, तेही 2,000 डॉलरपर्यंतच जामीन भरायची मुभा दिली होती. कलीफसारखा मुलगा त्यात बसलाच नसता.

लोक तारीख चुकवतात ती पळून जाण्यासाठीच, असं सरसकट धरून चालणं चूक आहे. कामाची पाळी, लहान मूल, हरवलेला कागद, अशी कारणं असतात. न्यूयॉर्कमध्ये समन्सचा कागद नव्यानं मांडला: तारीख, वेळ, ठिकाण सगळ्यात वर, आणि न आल्यास वॉरंट निघेल हे ठळक. तेवढ्यानं गैरहजेरी सुमारे 13 टक्के घटली. मोबाइलवर आठवणीचे संदेश पाठवले, तर घट 21 टक्के! कागद बदलायला खर्च तो काय?

18 सप्टेंबर 2023 पासून इलिनॉयनं पैशांचा जामीन पूर्णपणे बंद केला. असं करणारं ते पहिलं राज्य. आता आरोपीला आत ठेवायचं तर सरकारी वकिलाला अर्ज करावा लागतो आणि धोका पुराव्यानिशी दाखवावा लागतो. कोर्टाच्या तारखांना हजर राहणं मात्र चुकत नाही. तेव्हा वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी आठवणीच्या संदेशांसाठी नाव नोंदवताना आरोपीसोबत एखाद्या नातेवाइकाचाही नंबर घ्यावा, कारण प्रीपेड फोन बंद पडतात. संदेशात कोर्टाची इमारत, खोली आणि तिथं जाणारी बसही लिहावी.