मीटरचा लाल दिवा

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर ‘घरगुती वीजबचतीचे दहा उपाय’ असं छापलंय. दहाचा आकडा आयोजकांचा. माझ्याकडे सांगण्यासारखी गोष्ट एकच आहे, उपाय वेळ उरला तर.

आमचे सासरे, अण्णा. रिकाम्या खोलीत दिवा दिसला की बटणाआधी त्यांचा आवाज पोचायचा, ‘इथे कोणाचं लग्न आहे?’ हसताय म्हणजे तुमच्याकडेही अण्णा आहेत. एकदा मी न्हाणीघरात तोंडाला साबण लावून उभी आणि दिवा गेला. मला वाटलं लोडशेडिंग. २००५-०६ चे दिवस, तेव्हा वीज गेली तर कोणी दचकतही नसे. बाहेरून आवाज आला, ‘आत कोणी आहे का?’ आधी बटण, मग चौकशी! आणि हेच अण्णा पहाटे पाचला गीझर लावायचे तो नऊपर्यंत चालू. ‘कोणी पाहुणा आला तर?’ म्हणायचे. पहाटे पाचला आमच्याकडे दूधवाल्याशिवाय कोणी आल्याचं मला आठवत नाही.

अण्णांची सवय त्यांच्या काळात बरोबरच होती. ६० वॉटचा बल्ब सतरा तासांत एक युनिट खातो. आता त्या जागी ९ वॉटचा एलईडी आलाय. त्याला एक युनिट खायला साडेचार दिवस अखंड जळावं लागतं. २००० वॉटचा गीझर तेच काम अर्ध्या तासात करतो. टाकी तापली की तो आपोआप बंद होतो, हे खरं. पण पाणी निवलं की पुन्हा लागतो, चार तास हाच उद्योग. ओरडा मात्र अजून दिव्यालाच, कारण दिवा दिसतो. गीझरची वीज कोणाला दिसते?

ती दिसते, हीच माझी गोष्ट. जिन्याखाली आपला मीटर असतो, त्यावर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो. शेजारी बहुतेक ‘३२०० इम्प’ असं काहीतरी छापलेलं असतं. म्हणजे ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. आमच्या नातीला मी जिन्यात उभं केलं आणि घरातलं सगळं बंद करून एकेक वस्तू लावत गेले. फक्त एलईडी लावला, तर दोन मिनिटांनी एकदा. ती कंटाळली, पायरीवर बसली. जुना पंखा लावला, पंधरा सेकंदांनी एकदा. मग गीझर लावला आणि ती खालून किंचाळली, ‘आजी, हा वेडा झाला!’ सेकंदाला जवळजवळ दोनदा. त्या दिवसापासून गीझरचं बटण तिच्या ताब्यात आहे. आता रोज सकाळचं रीडिंग ती दिनदर्शिकेवर दुधाच्या हिशोबाखाली लिहिते. अण्णा तिच्यापुढे ब्र काढत नाहीत. वीज वाचवा म्हणून भिंतीवर कितीही लिहा, माणसाला स्वतःचा आकडा दिसल्याशिवाय हात बटणाकडे जात नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, आता पटापट.

महावितरणच्या बिलात शंभर युनिटांपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला त्याच्या जवळजवळ दुप्पट, पुढे आणखी चढता. ‘शंभर ओलांडले की सगळीच युनिटं महाग’ हा समज चूक आहे, वरचीच महाग लागतात. पण वाचतं तेही वरचंच, महागडं युनिट! म्हणून दहा युनिटं वाचवणं वाटतं तेवढं किरकोळ नाही.

पंखा. जुना ७५ वॉटचा, नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, तिसाच्या आसपास. रोज बारा तास धरा, महिन्याला एका पंख्यामागे सोळा युनिटं वाचली. जास्त चालणारा पंखा आधी बदला, पाहुण्यांच्या खोलीतला राहू द्या. सेट-टॉप बॉक्स टीव्हीबरोबर बंद होत नाही, दिवसरात्र जागा असतो. त्याचा प्लग बंद करा. दहा वॉट धरले तरी महिन्याला सात युनिटं होतात. फ्रिज भिंतीला चिकटवू नका, मागची उष्णता जायला जागा हवी.

आणि एसी. २०२० पासून स्टारवाले नवे एसी मुळात २४ वर लावूनच येतात, खाली आपण नेतो. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या हिशोबाने वर नेलेल्या एकेका अंशामागे सुमारे सहा टक्के वीज वाचते. इथला रिमोट कोणाकडे आहे? तिसऱ्या रांगेतल्या काकू मघापासून शाल गुंडाळून बसल्यात. हं, २४ करा. प्रश्न असतील तर बाहेर चहा घेता घेता विचारा.