चांदीचा गोंद

[दृश्य: काचेच्या पट्टीवर राखाडी लेपाची एक रेघ. मल्टिमीटरच्या दोन्ही सळया रेघेच्या टोकांना टेकतात.]

हा राखाडी लेप म्हणजे चांदीची भुकटी घातलेलं इपॉक्सी, म्हणजे तापवलं की घट्ट होणारं चिकट प्लास्टिक. वजनाने पाहिलं, तर यात जवळजवळ तीन चतुर्थांश चांदीच आहे. चांदीइतकी चांगली वीज दुसरा कुठलाही धातू वाहून नेत नाही. तरी मीटरवरचा आकडा बघा. लेप ओला असताना वीज त्यातून जेमतेमच जाते.

[दृश्य: पट्टी ओव्हनमध्ये. तापमान १५० अंश सेल्सिअस. मग पुन्हा मीटर.]

तासाभरानंतर तीच पट्टी, त्याच सळया. रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, कुठल्या कुठे उतरला! चांदी तेवढीच आहे. बदललं आहे ते इपॉक्सी, म्हणजे स्वतः वीज अजिबात न वाहणारा पदार्थ.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकातून. चांदीचे चपटे, वेडेवाकडे पापुद्रे.]

हे पापुद्रे काही मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजारांश भागांएवढे. चांदीची पूड पोलादी गोळ्यांच्या गिरणीत चेपून ते करतात. चेपताना एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यात स्टिअरिक आम्लासारखं स्निग्धाम्ल घालतात. त्याचा पातळ थर पापुद्र्यांवर राहतो, आणि तो विजेला अडवतो. ओव्हनच्या उष्णतेत हा थर सुटू लागतो. त्याच वेळी इपॉक्सीचे रेणू एकमेकांत गुंफले जातात, इपॉक्सी आकसतं आणि पापुद्र्यांना एकमेकांवर दाबून धरतं. वीज वाहते ती या दाबामुळे. प्लास्टिकला इथे नुसतं भरताड समजणं अन्यायाचं आहे.

किती चांदी घातली की पुरे, यालाही एक हिशेब आहे. ओढ्यात एकेक दगड टाकत गेलं, तर बराच वेळ पलीकडे जाता येत नाही. मग एखादाच दगड असा पडतो, की वाट जुळते. मिश्रणातही तसंच. धातूचं प्रमाण वाढवत नेलं तरी रोध फारसा हलत नाही, आणि एका टप्प्यावर तो एकदम लाखो पटींनी कोसळतो. या टप्प्याचं गणित १९५७ साली इंग्लंडमध्ये सायमन ब्रॉडबेंट आणि जॉन हॅमर्सली यांनी मांडलं. ब्रॉडबेंट कोळशाच्या संशोधनात होते, आणि मूळ प्रश्न होता वायुमुखवट्यातल्या सच्छिद्र कोळशातून वायू कसा झिरपतो, हा. गोल कण कसेही विखुरलेले असतील, तर हा उंबरठा आकारमानाच्या साधारण १६ टक्क्यांवर येतो. प्रत्यक्षात गोंद बनवणारे २५ ते ३० टक्के चांदी घालतात, म्हणजे एखादी वाट तुटली तरी दुसऱ्या शिल्लक राहतात.

तांबं कितीतरी स्वस्त, मग चांदीच का? तांब्यावर चढणारा ऑक्साइडचा थर वीज अडवतो. चांदीचा ऑक्साइड ती बऱ्यापैकी जाऊ देतो. कणांच्या हजारो सांध्यांमधून जायचं असेल, तर हा फरक निर्णायक ठरतो. म्हणून तांबं वापरायचंच, तर त्यावर चांदीचा मुलामा देतात.

[दृश्य: छोट्या एलईडीचा आडवा छेद. चिपच्या खाली राखाडी रेघ.]

एलईडीची चिप धातूच्या तळावर बसवायला हाच गोंद वापरतात. भरीव चांदीच्या मानाने याचा रोध शंभर पटींहूनही जास्त असतो, पण इथे थर इतका पातळ असतो, की तो खपून जातो. एरवी असे भाग जोडायला सोल्डर, म्हणजे वितळवून लावायचा मिश्रधातू, वापरतात. युरोपात १ जुलै २००६ पासून सोल्डरमधल्या शिशावर बंधनं आली. शिसं नसलेलं नेहमीचं सोल्डर वितळायलाच २१७ अंशांच्या आसपास तापवावं लागतं. नाजूक भागांसाठी हा गोंद बरा. मात्र दमट हवेत, विजेचा दाब (व्होल्टेज) असताना चांदी सरकते. दोन जोडण्यांमध्ये तिच्या फांद्या फुटतात आणि शॉर्टसर्किट होतं. आपल्या पावसाळी हवेत ही काळजी घ्यावीच लागते.

[दृश्य: मोबाइलच्या पडद्याची कड, खूप जवळून.]

या कडेला केसाहून बारीक जोडण्या शेजारीशेजारी असतात. इथे धातूचे कण मुद्दामच उंबरठ्याच्या खाली ठेवलेली फिल्म वापरतात, म्हणजे आडवी वाट जुळतच नाही. उष्णता आणि दाब देऊन चिप वरून दाबली, की मधले कण दोन पृष्ठभागांत चेपले जातात आणि वीज फक्त उभी वाहते. त्यातला पुष्कळदा वापरला जाणारा कणही आतून प्लास्टिकचाच: काही मायक्रॉनची गोळी, वर निकेल आणि सोन्याचा मुलामा. चेपलेली गोळी पुन्हा फुगू पाहते, भोवतीचं आकसलेलं इपॉक्सी तिला दाबून ठेवतं, आणि जोडणी टिकते.