‘डीकन’ : सुखात असलेल्या प्रेमाची गाणी

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी आपल्याशी एका अमेरिकन गायकाच्या दुसऱ्या अल्बमविषयी बोलणार आहे. गायकाचे नाव जोसाया वाइज. रसिक त्याला सर्पेंटविथफीट या नावाने ओळखतात. ‘डीकन’ हा त्याचा अल्बम २६ मार्च २०२१ रोजी प्रसिद्ध झाला. त्यात ११ गाणी आहेत आणि ती अर्ध्या तासात ऐकून होतात. एका कृष्णवर्णीय पुरुषाचे दुसऱ्या कृष्णवर्णीय पुरुषावरील प्रेम हा त्यांचा विषय आहे, आणि हे प्रेम सुखात आहे. ते सुखात असणे किती दुर्मीळ होते, हे मला आज प्रामुख्याने सांगायचे आहे.

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या संगीतात समलिंगी प्रेम पहिल्यापासून आहे. मा रेनी या ब्लूजच्या, म्हणजे अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या सुखदुःखाच्या गाण्यांच्या, थोर गायिकेने १९२८ मध्येच आपल्याला स्त्रियांचा सहवास आवडतो, असे गाण्यातून उघडपणे सांगितले होते. पण त्या गाण्याचा सूर ‘हिंमत असेल तर सिद्ध करून दाखवा’ असा आव्हानाचा होता. लॉस एंजेलिसच्या पेंटेकोस्टल (भावावेशी उपासनेचा एक ख्रिस्ती पंथ) चर्चमध्ये गात वाढलेला समलिंगी गायक सिल्व्हेस्टर किशोरवयातच त्या चर्चपासून दुरावला, पुढे १९७८ मध्ये डिस्कोच्या तालावर त्याने साऱ्या जगाला नाचवले आणि १९८८ मध्ये एड्सने त्याचा बळी घेतला. आव्हान, दुरावा, अकाली मृत्यू यांच्या छायेत ही परंपरा वाढली. त्याच १९८८ साली बाल्टिमोर शहरात जोसाया वाइजचा जन्म झाला.

तोही पेंटेकोस्टल चर्चच्या वातावरणातच वाढला. लहानपणी तो मुलांच्या गायकवृंदात गायला, आणि पुढे फिलाडेल्फियाच्या युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्समध्ये त्याने गायनाचे शिक्षण घेतले. २०१८ मध्ये आलेला त्याचा पहिला अल्बम, ‘सॉइल’, हा गडद, दाट आणि व्याकूळ करणारा होता. त्यात एकाच आवाजाचे इतके थर परस्परांवर आदळत होते की विरहाने पछाडलेला एखादा गायकवृंदच आपण ऐकत आहोत, असे वाटे. त्या अल्बमची वाहवा झाली. दुःख इतक्या ताकदीने गाता येत असताना त्याच वाटेने पुढे जाणे सोपे होते. न्यूयॉर्क सोडून लॉस एंजेलिसला आलेल्या या गायकाने मात्र दुसऱ्या अल्बममध्ये आपला आवाज हलका केला, थर कमी केले आणि दोन स्वरांमध्ये मोकळी जागा ठेवली. माझ्या मते हे काम पहिल्यापेक्षा अवघड होते, कारण समाधान गाताना पोकळपणा लपवायला आर्ततेचा आडोसा मिळत नाही.

अल्बमच्या नावातच त्याची भूमिका आहे. डीकन म्हणजे चर्चमधला सेवक. प्रवचन पाद्री करतो; डीकन आजाऱ्याच्या घरी जातो, प्रार्थनेला आलेल्यांची विचारपूस करतो आणि बहुधा शांतपणे मागे उभा असतो. कीर्तनात बुवांच्या मागे उभ्या असलेल्या टाळकऱ्यासारखे त्याचे स्थान असते. ज्या धर्मसंस्थेच्या अनेक व्यासपीठांवरून समलिंगी माणसांना पापी ठरवले गेले, तिच्यातला हा सेवाभावाचा मान वाइजने प्रियकरांना दिला आहे. चर्चवर राग काढण्याऐवजी तिथे शिकलेली माया तो आपल्या घरी घेऊन येतो. मला ही कृती अतिशय धीट वाटते.

‘मलिक’ या गाण्यात हे स्पष्ट दिसते. बायबलमधल्या काही स्तोत्रांत ‘धन्य तो पुरुष’ अशी सुरुवात असते आणि पुढे सदाचाराचे वर्णन येते. इथे मात्र सँडलमध्ये मोजे घालणारा पुरुष धन्य ठरतो. ज्याच्यावर प्रेम आहे, त्याची लहानशी लकबही स्तोत्राला पात्र असते. ‘सेम साइज शू’ मध्ये दोघांच्या पायांत एकाच मापाचा जोडा आहे, याचा निव्वळ आनंद आहे: जो रस्ता मी तुडवला तोच यानेही तुडवला आहे, त्यामुळे याला सारे पहिल्यापासून समजावून सांगायला नको. वर्णद्वेषाचा उच्चारही न करता त्याची जाणीव देणारी ही कल्पना आहे. शब्द पुरेनासे होतात तेव्हा वाइज तोंडानेच ट्रम्पेटचा आवाज काढतो, आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू येते. ‘डेरिक्स बीअर्ड’ मध्ये जवळ नसलेल्या प्रियकराच्या दाढीची आठवण थोडक्याच शब्दांत पुन्हा पुन्हा आळवली आहे. नव्वदच्या दशकातील आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) या लोकप्रिय कृष्णवर्णीय गानशैलीचे संस्कार, विशेषतः ज्या गायिकेचे ऋण तो वारंवार मानतो त्या ब्रँडीची, आवाजावर आवाज अलगद बसवण्याची रीत, या गाण्यात नेमकी उतरली आहे.

आरंभीच्या ‘हायसिंथ’ मध्ये रात्री एकटा झोपलेला माणूस प्रियकराच्या सहवासात जागा होतो. अपोलोच्या लाडक्या तरुणाच्या मृत्यूतून हायसिंथचे फूल उमलले, अशी ग्रीक कथा आहे. ज्याला ती ठाऊक आहे, त्याला वाइजने मरणाकडून जगण्याकडे वळवलेली ही दिशा विशेष भावेल.

हा अल्बम पहिल्या गाण्यापासून क्रमाने ऐकावा, अशी माझी विनंती आहे, कारण ‘फेलोशिप’ या अखेरच्या गाण्यात प्रेमाची व्याप्ती बदलते. साम्फा आणि लिल सिल्वा या दोन ब्रिटिश कलावंतांच्या साथीने वाइज इथे मित्रांविषयी कृतज्ञता गातो. तिशीत आल्यावर काळजी कमी झाली आणि मिळालेले प्रेम आठवण्यात वेळ जाऊ लागला, असे तो म्हणतो. रक्ताच्या नात्यांनी अनेकदा पाठ फिरवलेल्या माणसांना मित्रांनीच घर दिले, हे ज्याला माहीत आहे, त्याला शेवटचे गाणे प्रियकराऐवजी मित्रांसाठी का आहे, हे वेगळे सांगावे लागणार नाही.