साहेबाचे ओटे आणि बंद पडलेला माईक

(वाचनालयाच्या पावसाळी व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज, आणि एवढ्या पावसात दारात छत्र्या निथळत ठेवून आलेल्या मंडळींनो,

पत्रिकेत विषय छापलाय, ‘विज्ञानाची चर्चा : मोकळीक किती, लगाम किती’. त्याकडे येतोच. आधी विजयदुर्गाला जाऊन येऊ, कारण हा विषय माझ्या डोक्यात बसला तो तिथल्या एका गोष्टीमुळे.

किल्ल्यावरचे साहेबाचे ओटे न पाहिलेलं इथे कुणी नसेल. सहलीच्या मुलांना आपण तिथे काय सांगतो? 18 ऑगस्ट 1868 रोजी खग्रास ग्रहण लागलं, लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञ साहेबाने ओट्यावर दुर्बीण लावली आणि सूर्यावर हेलियम वायू सापडला. मास्तर म्हणून मीही कित्येक वर्षं हेच सांगितलं. निवृत्तीनंतर तारखा जुळवून वाचायला बसलो, तेव्हा कळलं की त्या ग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकियर हिंदुस्थानात नव्हताच. आला होता पिएर जान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ, आणि तो होता गुंटूरला, आजच्या आंध्रात. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांचा वर्णपट, म्हणजे प्रकाश फाकवून मिळणारा रंगांचा पट्टा, त्याने पाहिला आणि ग्रहण नसतानाही तो पाहता येईल, हे त्याच्या ध्यानात आलं. लॉकियरने तेच काम 20 ऑक्टोबरला इंग्लंडमध्ये, ग्रहणाशिवाय, स्वतंत्रपणे केलं. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी पोहोचली. पुढे फ्रेंच सरकारने दोघांचे चेहरे कोरलेलं एकच पदक काढलं. किती मोठं मन!

मग साहेब विजयदुर्गाला आलाच नाही का? आला की. 22 जानेवारी 1898 च्या खग्रास ग्रहणाला लॉकियर स्वतः विजयदुर्गात तळ ठोकून होता. तोवर हेलियम पृथ्वीवर सापडूनही तीन वर्षं झाली होती. तीस वर्षांच्या अंतराची दोन ग्रहणं आपण एकाच ओट्यावर बसवली.

हे मी एका चर्चासत्रात सांगायला उभा राहिलो. गावाचं, संस्थेचं नाव घेत नाही. तारखा चुकू नयेत म्हणून कागद नेला होता, पावसात भिजून त्याची घडी चिकटलेली. ती नखाने सोडवून दुसरी तारीख वाचतोय, तोवर आवाज गेला. मला वाटलं वीज गेली. ऑगस्टात आपल्याकडे आधी तेच मनात येतं! पण डोक्यावरचा पंखा फिरत होता. अध्यक्षांनी खूण करून माझाच माईक बंद करायला लावला होता. म्हणाले, “गुरुजी, हा आपल्या मातीचा मान आहे, इथे वाद नको.” टाळ्या पडल्या. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतली अकरावीची एक मुलगी उठली आणि माईकशिवायच म्हणाली, “सर, मग ओटे कुठल्या ग्रहणाचे?”

अहो, या प्रश्नावर सबंध दिवस बसायला हवं होतं! कागदपत्रं कुठली पाहायची, ओट्याचं बांधकाम कसं तपासायचं, सगळं शिकवता आलं असतं. तिला खाली बसवलं. आभारप्रदर्शन झालं, श्रीफळं दिली गेली. त्या मुलीचा चेहरा मला अजून दिसतो. त्या अध्यक्षांचा हेतू वाईट नव्हता, त्यांना गावाचं प्रेम होतं. मलाही आहे. हेलियम ओळखणारा माणूस तीस वर्षांनी ग्रहण पाहायला आपल्या किनाऱ्यावर येतो, हा मान थोडा आहे का?

आणि हेलियमचीच गोष्ट घ्या. चुलीच्या जाळावर मिठाची चिमूट टाका, ज्योत पिवळी होते. तो सोडियमचा रंग, वर्णपटात 589.0 आणि 589.6 नॅनोमीटरला दोन रेषा. सूर्याच्या ज्वाळांच्या वर्णपटात दिसलेली पिवळी रेषा निघाली 587.6 ला. जेमतेम दीड-दोन नॅनोमीटरची तफावत! तेवढ्यावर लॉकियर म्हणाला, हे पृथ्वीवर न सापडलेलं मूलद्रव्य आहे. पुष्कळांनी मानलं नाही, आणि ते रास्तच होतं, हातात होती एक रेषा. 1895 मध्ये विल्यम रॅम्झीने क्लेव्हाइट या युरेनियमच्या खनिजातून वायू काढला, त्याचा वर्णपट तपासला गेला, तेव्हा वाद मिटला. सत्तावीस वर्षं मतभेद राहिला आणि विज्ञानाचं काही बिघडलं नाही. याच लॉकियरने 1869 मध्ये ‘नेचर’ हे विज्ञानाचं नियतकालिक सुरू केलं आणि शास्त्रज्ञांच्या पत्रांना त्यात जागा दिली.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं राहिलीत. म्हणजे मूळ विषय आता भराभर सांगावा लागणार.

लगाम हवाच, हे आधी सांगतो. आमच्या आकाशदर्शनाला एक गृहस्थ येत. ग्रहणात शिजवलेलं अन्न विषारी होतं, हा त्यांचा मुद्दा. पहिल्यांदा सगळ्यांनी ऐकून घेतलं. मी म्हटलं, भाताची दोन पातेली करू, एक ग्रहणात शिजवू, एक ग्रहण सुटल्यावर, आणि दोन्ही तपासू. त्या दिवशी ते आले नाहीत. पुढच्या सभेला तोच मुद्दा घेऊन हजर! तिथे मी त्यांना थांबवलं, आणि का थांबवतोय ते सगळ्यांसमोर सांगितलं. मत वेगळं म्हणून कुणाला थांबवू नये. तपासायला नकार देऊन तेच तेच बोलणाऱ्याला थांबवावं. मुद्दा सोडून माणसाची जात, वय, शिक्षण काढणाऱ्याला तर लगेच.

दुसरं, ज्याच्यावर टीका झाली त्याला उत्तराची संधी मिळालीच पाहिजे. 11 जानेवारी 1935. लंडनची रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटी. चोवीस वर्षांच्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी मांडलं की श्वेत बटू, म्हणजे इंधन संपून आकसलेल्या ताऱ्याच्या वस्तुमानाला मर्यादा असते. आज ती सूर्याच्या सुमारे 1.4 पट मानतात. लगेच त्या काळचे नामांकित खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन उठले आणि त्यांनी ती कल्पना हास्यास्पद ठरवली. सभा हसली. चंद्रशेखरांना उत्तर द्यायचं होतं, अध्यक्षांनी पुढचा निबंध पुकारला. नोबेल मिळालं 1983 मध्ये. एडिंग्टन चुकले याचं मला दुःख नाही, मोठी माणसंही चुकतात. पण पाच मिनिटं देणं अध्यक्षांच्या हातात होतं हो!

आणि तिसरं, वादात ज्याची बाजू आहे त्याच्या हाती माईकचं बटण असू नये. यावर खूप बोलायचं होतं, पण मला तुमचे प्रश्न हवेत. ओट्यांबद्दल माझं मत तुम्ही ऐकलंत, म्हणजे मी आता एका बाजूचा झालो. तेव्हा प्रश्न कुणी विचारायचे हे मी ठरवणार नाही, ग्रंथपाल ताई ठरवतील. ताई, हा घ्या माईक. फक्त सुरुवात त्या मागे खांबाशी उभ्या असलेल्या शाळेच्या मुलांपासून करा.